सुताची नस

मी मेडिकल कॉलेजात नोकरीला होतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हात जोडतो आणि मग शर्ट वर करून कुठं दुखतं ते दाखवायला लागतो. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत निम्मे लोक अजून मला डॉक्टर समजतात. उरलेले मला मुडद्यांच्या खात्यातला माणूस म्हणतात, आणि त्यांच्या घरी चहाला गेलो तर माझी कपबशी जरा जास्तच घासून धुतात. दोघांचंही चुकतं. मी शरीररचनाशास्त्र विभागात मॉडेलर होतो. माणूस आतून कसा असतो हे पोरांना कळावं म्हणून हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कान असलं सगळं मातीत, प्लास्टरात आणि फायबरात घडवायचं, हे माझं काम. सगळी हयात त्यात गेली.

शिकलो होतो शिल्पकला. वडलांची फार इच्छा, की गावोगावच्या विहारांत आपल्या पोरानं घडवलेली बुद्धमूर्ती बसावी. नोकरी लागली ती यकृतं करायची. रुजू झाल्यावर घरी आलो तर आईनं कौतुकानं विचारलं, "काय घडवलंस रे पहिल्यांदा?" मी म्हणालो, "आतडं." माउली ताट वाढायला उठली. लग्न जमवताना तर या नोकरीनं फार छळलं. एका ठिकाणी मुलीच्या मामानं सरळ विचारलं, "हात धुऊन येता ना घरी?" ते स्थळ मीच मोडलं. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

धंदा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आधी खरा अवयव समोर ठेवायचा आणि मातीत तसाच घडवायचा, बहुतेक वेळा मोठा करून. मातीवर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. साच्यात फायबरचे थर द्यायचे, वाळलं की साचा उघडायचा, घासायचं आणि रंगवायचं. रंग सगळीकडं ठरलेले. शुद्ध रक्त नेणारी धमनी लाल, परत येणारी नीला निळी, मेंदूचे निरोप नेणारी नस पिवळी. खऱ्या शरीरात असलं काही नसतं बरं का. तिथं सगळं एकाच मळकट रंगाचं, एकमेकाला चिकटलेलं. दरवर्षी पहिल्या वर्षाचा एखादा शहाणा मॉडेल पाहून मग देहापाशी जायचा आणि ओरडायचा, "सर, ह्या बॉडीत नर्व्हच नाहीत!" आमचे जुने प्राध्यापक शांतपणे म्हणायचे, "आहेत बाळा. रंगवायचं राहून गेलंय."

बाहेरची गिऱ्हाइकंही यायची. एका वैद्यबुवांना टेबलावर ठेवायला यकृत हवं होतं. करून दिलं, तर म्हणाले, पित्ताशय जरा मोठं करा. मी म्हणालो, माणसात एवढंच असतं. ते म्हणाले, "असू द्या हो. पण एवढंसं दाखवलं तर पेशंट पथ्य पाळत नाही." मी काही मोठं केलं नाही. ते नाराज होऊन गेले.

आता धंद्यातली एक रीत सांगतो, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. कवटीचा तळ तुम्ही पाहिला नसेल. मेंदू ज्या बशीत बसतो ती ही बशी. तिला भोकं असतात, काही बोट जाईल एवढी, काही सुई जाईल एवढी. मेंदूतून निघालेली प्रत्येक नस आपापल्या भोकातून बाहेर पडते, कुणी गालाकडं, कुणी जिभेकडं, कुणी डोळ्याकडं. विद्यार्थ्यांना ही भोकं पाठ करताना रडू येतं. पण साच्यात आरपार भोक धरता येत नाही. प्लास्टर त्यात अडकतं आणि साचा सुटायला येत नाही. म्हणून आम्ही मॉडेलवाले त्या जागी सपाटच ठेवतो आणि काळा ठिपका देतो. कडेला जरा सावली टाकली की बघणाऱ्याला भोकच दिसतं. माझ्या आधीच्यांनी तेच केलं, मीही तेच केलं. आजवर कुणाची तक्रार नव्हती.

मी निवृत्तीला आलो तेव्हा विभागात काचेचं टेबल आलं. माणसाएवढा पडदा. बोट फिरवलं की कातडी जाते, पुन्हा फिरवलं की स्नायू जातात, हृदय गरगर फिरतं. थ्रीडी म्हणतात त्याला. पोरं खूश झाली आणि खोटं कशाला बोलू, मीही तोंडात बोट घातलं. मग माझी मॉडेलं हळूहळू स्टोअरच्या खोलीत गेली. देह ठेवतात त्या हॉलवरचे शिपाई रफीकभाई एकेक उचलून नेताना म्हणायचे, "काका, दिल छोटा नक्को करो. तुमचा कलेजा मैं ऊपर के फळीपे रखा हूँ, चूहे नहीं आते वहाँ." कपाळाला आठ्या घालून मी ते सगळं बघत होतो.

त्याच वर्षी अश्विनी आली.

फिजिओथेरपीचे विद्यार्थी शरीररचना शिकायला आमच्याच विभागात येत. ही त्यातली. गंगापूरकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. हातात पांढरी काठी. शाळेत असताना ताप डोक्यात गेला आणि दोन्ही डोळे गेले. बऱ्याच खटपटीनंतर तिला प्रवेश मिळाला होता. सोबत तिची आई, कडूबाई. लेक कॉलेजला म्हणून बजाजनगरात कडूबाईंच्या भावाच्या खोलीवर दोघी राहायच्या. कडूबाई लेकीला रोज वर्गापर्यंत सोडायच्या आणि पायरीवर बसून राहायच्या.

विभागप्रमुख मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाई शिस्तीच्या, पण मनानं सरळ. म्हणाल्या, "काका, हिचं कसं करायचं? प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. अवयवावर पिन लावतात आणि विचारतात हे काय. हिला पिन दिसणार नाही. देहाला हात लावायचा तर हातमोजे घालावे लागतात, आणि औषधानं आतलं सगळं टणक झालेलं असतं, बोटाला काही कळत नाही. काचेच्या टेबलाचं तर विचारूच नका." पहिल्या वर्षाची ही परीक्षा सुटली नाही तर तिला जागा सोडून घरी जावं लागणार होतं. काहींचं म्हणणं होतं, प्रॅक्टिकलमधून सूट द्या, तोंडी विचारा आणि पास करा. मॅडमनी ते अश्विनीला सांगितलं होतं. ती नको म्हणाली होती.

मी तिलाच विचारलं, "कामून नको म्हणलीस गं? फुकट मिळत होतं की."

"सर, पाठ तर मला आत्ताच सगळं हाय," ती म्हणाली. "पण उद्या कुणाची मान मोडल्यावाणी दुखत आसल, तर ती काय पाठ केलेल्या हातानं धरू?"

मला पोरगी आवडली. स्टोअर उघडलं, धूळ झटकली आणि माझी सगळ्यात लाडकी मोठी कवटी टेबलावर ठेवली. खऱ्या कवटीच्या तिप्पट, वरचा भाग उचलला की आतली बशी दिसणारी. म्हणालो, घे, ही बघ निवांत. तिनं आधी कडा चाचपल्या, मग दोन्ही हातांची बोटं आत नेली. ओठ हलत होते, एकेक भोकाचं नाव घेत होती. बोटं एका जागी थांबली, मागं आली, पुन्हा गेली.

"सर, इथं फोरामेन ओव्हेल पायजे."

"आहे ना. तुझ्या बोटाखालीच आहे."

"नाय सर. इथं भोक नाय. सपाट हाय." मग दुसरीकडं. "इथं बी नाय." मग जरा थांबून, मला वाईट वाटू नये म्हणून हळूच, "सर, ही कवटी कच्ची ऱ्हायली का?"

मी वाकून बघितलं. तिच्या बोटाखाली माझा सुबक काळा ठिपका होता, सावलीसकट. इतकी वर्षं शेकडो डॉक्टर त्यावरून शिकून गेले होते. माझ्या कवटीत एकही भोक नाही हे मला त्या दिवशी कळलं. लाल-निळं-पिवळं तिच्या काहीच कामाचं नव्हतं. रंगाच्या खाली माझ्या धमन्या, नीला आणि नसा सगळ्या एकाच जातीच्या गुळगुळीत दोऱ्या होत्या.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग पाडा की भोकं. रडता कशाला?" आमच्या घरात सल्ला असा मिळतो.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. खरी कवटी शेजारी ठेवायची आणि ड्रिलनं एकेक भोक पाडायचं. गोल तिथं गोल, लांबट तिथं लांबट, कडा खरबरीत तिथं खरबरीत. फायबरची धूळ नाकातोंडात जायची. मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काका, निवृत्तीच्या तोंडावर कशाला एवढं?" मी म्हणालो, "मॅडम, एवढं तोंड आहे तोवर करू द्या." त्या हसल्या आणि त्यांनी मला एक चांगला मास्क पाठवून दिला. त्यांनीच वर लिहून, भांडून, अश्विनीनं मॉडेल हाताळून उत्तर दिलं तरी चालेल अशी परवानगी आणली. पण शेवटचा शब्द बाहेरून येणाऱ्या परीक्षकाचा. त्याला मॉडेल पटलं नाही तर सगळं मुसळ केरात.

मग नळ्यांची पाळी. धमनीवर मी तांब्याची बारीक तार गुंडाळली, मोटार वाइंडिंगवाल्याकडून मागून आणलेली. बोटाला वळ्या लागल्या की धमनी. नीला वार्निश मारून गुळगुळीत ठेवली. नसांसाठी दुकानातलं सूत आणलं, पण अश्विनी नाक मुरडायची. "सर, ही नस हाय का तार हाय, पटकन कळंना."

कडूबाई तोवर पायरीवरून उठून दाराशी येऊन बसायला लागल्या होत्या. कवट्या-बिवट्यांकडं त्या पाठ करून बसायच्या. त्या दिवशी मात्र मान न वळवताच हात मागं केला. "दाखवा बरं तुमचं सूत." दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "हे मशिनीचं हाय. याला पीळच नाय, मंग बोटाला काय लागंल? म्या वळून आणते."

आणि चार दिवसांनी बाईंनी गावाकडून मागवून पिशवीभर कापूस आणला, घरच्या रानातला. सरकी काढलेला, पिंजलेला. साडी गुडघ्यापर्यंत सारून पोटरीवर सूत वळायला बसल्या. जाडं, मध्यम, बारीक, जसं सांगू तसं. पीळ असा पडायचा की डोळे मिटून मलाही कळायला लागलं. बोट लावलं की नस. पुढं मी ते सूत पातळ सरसात बुडवून वाळवायचो आणि भोकातून ओवायचो.

एका दुपारचं मी कधी विसरणार नाही. अश्विनी टेबलाशी, कडूबाई खाली बसलेल्या. अश्विनी सांगत होती, "ही गालाची. ही जिभेची, जरा बारीक कर. ही कानाची." कडूबाईंना आता मजा वाटायला लागली होती. "बया, कानाला बी येगळी व्हय! आन् मंग ही जाडी कशाची सांगितलीस?"

"डोळ्याची, आई."

पोटरीवरचा हात थांबला.

"म्हंजी... तुझी वाळली ती हीच का?"

"व्हय. हीच."

कडूबाईंनी ते सूत उचलून धरलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं 'नस वाळली' म्हणून सांगितलं होतं, ते त्यांनी इतकी वर्षं ऐकलेलं. पण ती नस केवढी, कुठं असते, कुठून कुठं जाते, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. "एवढीच?" त्या म्हणाल्या. "म्या समजत व्हते काय तरी लई मोठं आसंल. एवढीच व्हती व्हय गं?"

मग माझ्याकडं न बघता, त्या सुताकडंच बघत बोलायला लागल्या. "येचणीचे दिस व्हते सर. पोर तापानं फणफणत व्हती. म्या गोळ्या देल्या, डोक्यावर पट्टी ठिवली आन् कापूस येचायला गेले. माणसं मिळत नव्हती. दुसऱ्या दिशी बी गेले. मंग झटके आले, तव्हा जीप करून पळवली. मोठा डॉक्टर म्हनला, बाई, जरा आधी आणायची ना." त्यांनी पिशवीतल्या कापसाकडं बोट केलं. "ह्याच्यापायी गेले सर म्या. ह्याच्यापायी."

मी अश्विनीकडं बघितलं. वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, आईला जवळ घेईल. ती तशीच ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पीळ घट दे. ढिली ऱ्हायली तर परीक्षेत मला गावायची नाय."

मला त्या क्षणी पोरीचा राग आला, खरंच सांगतो. कडूबाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा वळायला घेतलं. ती एक नस त्यांनी कितीदा उलगडली आणि कितीदा वळली. मी म्हणायचो, झाली की बाई, चांगली झाली. त्या म्हणायच्या, "नाय सर, कच्ची हाय."

परीक्षेच्या दिवशी मॉडेलं मांडायला मी आत होतो. बाहेरचे परीक्षक वयस्क, कडक, कपाळावर चष्मा. त्यांनी कवटी बघितली आणि मॅडमना म्हणाले, "असली दोऱ्यांची परीक्षा मी कधी घेतली नाही. बघू. पटलं नाही तर मी सही करणार नाही, आधीच सांगतो." मंत्र्यासमोर पुतळ्यावरचा पडदा ओढतानाही माझ्या शिल्पकार वर्गमित्रांना माझ्याइतकी धडधड झाली नसेल.

अश्विनी आली. आधी दंडाचं हाड, मग मनगट, मग खांद्याच्या धमन्या. बोटं झपझप चालत होती. तारेच्या वळ्या लागल्या की धमनी, नाव, कुठून येते, कुठं जाते. परीक्षकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. मग त्यांनी तिचा हात धरून कवटीच्या बशीत पुढच्या बाजूला नेला, एका सुतावर ठेवला. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. समोर आली ती नस विचारली.

"ही कोणती?"

तिची बोटं सुतावरून मागं गेली, पुढं आली, भोकाच्या कडेवरून फिरली.

"ऑप्टिक नर्व्ह, सर. ऑप्टिक कॅनालमधून जाती."

"बरोबर. हिला इजा झाली तर?"

परीक्षकांच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाला काय विचारतोय. मॅडमनी मान खाली घातली. परीक्षक घाईनं म्हणाले, "राहू दे, राहू दे. पुढचं घेऊ."

"नाय सर, येतंय मला," अश्विनी म्हणाली. आणि एखादा धडा म्हणून दाखवावा तसं सगळं सांगितलं. एका बाजूला इजा झाली तर काय, दोन नसा जिथं एकत्र येतात तिथं झाली तर काय, दोन्ही वाळल्या तर काय. परीक्षक ऐकत राहिले. शेवटी त्यांनी स्वतः डोळे मिटून त्या सुतावर बोट फिरवलं आणि सही केली.

पोरगी पास झाली, चांगली पास झाली. पुढची वर्षंही काढली तिनं. आता बजाजनगरात एका छोट्या दवाखान्यात असते. कंपनीतल्या कामगारांच्या पाठी, माना आणि गुडघे तिच्या हातात. इतकी वर्षं प्लास्टर ढवळून माझा उजवा खांदा धरलाय, मीही तिच्याकडंच जातो. परवा खांदा दाबत म्हणाली, "सर, तुमच्या मॉडेलात हा स्नायू लई सुकडा केला व्हता तुम्ही. हे बघा, केवढा हाय." म्हणालो, बाई, आता काय बदलून देऊ?

माझी बाकीची मॉडेलं मी निवृत्त झाल्यावर भंगारात गेली. रफीकभाईंनी फोन करून सांगितलं, सांगताना त्यांचाही आवाज बसला होता. वाईट वाटलं, अजून वाटतं. कवटी मात्र मॅडमनी स्वतःच्या केबिनमध्ये ठेवून घेतली आहे.

पण मला सांगायचं आहे ते परीक्षेनंतरचं. मी मॉडेलं आवरून बाहेर आलो तेव्हा मायलेकी पायरीवर बसल्या होत्या. कडूबाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"काय इचारलं गं?" त्या म्हणत होत्या.

"तू वळलेली इचारली, आई. डोळ्याची."

"आगं माय! गावली का?"

"लगीच गावली. लई घट पीळ हाय तिला."

"मंग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, ती वाळली की दिसत नाय. आन् एकदा तापानं धरली, की मंग कुणी किती आधी आणलं तरी ती वाळतीच. आईच्या हातात काय नसतं."

कडूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. "आसं... आसं पुस्तकात हाय?"

"हाय की," अश्विनी म्हणाली. "सायबानं सही केली ना त्याच्यावर."

मी आत होतो. हे आधी आणण्याचं, आईच्या हाताचं तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं तिथं सांगितलंही नव्हतं. पुस्तकात असं काही आहे का, हे मॅडमना विचारायची मला नंतर कितीदा तरी संधी होती. मी विचारलं नाही. त्या पायरीवर कडूबाईंनी माझ्याकडं मान वळवली आणि विचारलं, "व्हय का सर?"

"व्हय," मी म्हणालो. "मी ऐकलं ना."